सुटलेली सिगरेट

“परत सुरू केलीत ना?” ज्ञानदेवच्या पायावरचं बँडेज सोडत डॉक्टर सबनीसांनी मान वर न करता विचारलं.

“नाही हो डॉक्टर. आईशप्पथ नाही.”

“आईला कशाला मध्ये आणता? अंगठा बघा.”

अंगठा काळा पडला होता. मागच्या खेपेला नखापाशी होता तो काळेपणा आता शेजारच्या दोन बोटांतही उतरला होता.

“हा रोग सिगरेटवर पोसतो,” सबनीस म्हणाले. “ती सुटली की बहुतेकांचे पाय वाचतात. तुमचा का वाचत नाही, तेवढं सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल. माझे दोन्ही शाबूत आहेत.”

शेजारी बसलेली इंदुबाई उसळली. “अहो डॉक्टर, मी आहे ना साक्षीला! यांनी एक झुरकासुद्धा मारलेला नाही.”

“बाई, सगळ्यांच्या बायका हेच सांगतात.”

ज्ञानदेव रडकुंडीला आला. खोटं बोलून पकडलं जायची त्याला सवय होती. खरं बोलून पकडलं जाणं मात्र पहिल्यांदाच नशिबी आलं होतं.

तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. तिथे गेटवर रोज झडती, काडेपेटी सापडली तर नोकरीवरच गदा. म्हणून निम्म्या कारखान्याची पाकिटं समोरच्या टपरीवर ठेवलेली असत. पाळी सुटली की ज्ञानदेवचे पाय आपोआप तिकडे वळत. डॉक्टरांनी पायाची भीती घातली त्या दिवसापासून तो मागच्या गेटानं, लंगडत, लांबचा वळसा घालून घरी येऊ लागला. सकाळच्या बुद्धवंदनेत नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना पूर्वी त्याचा आवाज हळूच खाली जायचा. आता तो ते खणखणीत म्हणे.

पण तलफ काही शील पाळत नाही. घाम फुटे, समोरच्या माणसाचा गळा धरावासा वाटे. एकदा तर त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तेव्हा इंदुबाईनं त्याला हाताला धरून गॅलरीत नेलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बजावलं, “आधी दात घासा. तोंड स्वच्छ झालं की तलफ जाते.”

आणि खरंच गेली. मग दोघांचा तो नेमच झाला. तलफ आली की गॅलरी, दात घासणं, चूळ. ज्ञानदेवचा खोकला थांबला, जिना चढताना धाप लागेना, वरणाला चव असते हे त्याला नव्यानं कळलं. माझ्या नवऱ्यानं सिगरेट सोडली, असं इंदुबाईनं सगळ्या क्वार्टर्समध्ये सांगितलं. लग्नानंतर इतकी खूश ती कधी दिसली नव्हती.

फक्त पाय ऐकत नव्हता. कॉलेजात शिकणारा अभिनव बापाचा शर्ट हुंगून पाहायचा. “बाबा, सिरियसली, मला तरी खरं सांगा. डॉक्टर काय वेडे आहेत?” त्या दिवशी ज्ञानदेव जेवला नाही. सगळं जग एका बाजूला आणि एकटी इंदू त्याच्या बाजूला, असं झालं होतं.

“पंजा काढावा लागेल,” बँडेज पुन्हा बांधत सबनीस म्हणाले. “बाई, खाली जाऊन भरती करायचं विचारून या.”

इंदुबाई डोळ्यांना पदर लावून बाहेर गेली. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

“आता कोणी नाही. सिगरेट?”

“नाही.”

“विडी? गुटखा?”

“नाही हो! कसं सांगू तुम्हाला?”

“मिश्री लावता?”

“ती होय? ती तर दात घासायला.”

“अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच ना? हिरडीतून थेट रक्तात जाते. तुम्ही सिगरेट सोडलीत, तंबाखू सोडलीच नाहीत. दिवसातून किती वेळा?”

मिश्री तव्यावर कोण भाजतं ते ज्ञानदेवला माहीत होतं. तळहातावर चिमूट धरून कोण पुढे करतं तेही. तंबाखू चुन्यात मळून खातात ते व्यसन आणि मिश्री म्हणजे साबणासारखी, असंच त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

“पंजा वाचणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण आजपासून बंद केलीत तर बाकीचा पाय वाचेल.”

“बंद. आत्तापासून बंद.”

दार ढकलून इंदुबाई आत आली. तिनं डोळे पुसले होते आणि ती भांडायच्याच तयारीनं आली होती.

“डॉक्टर, पाय कापायचा तर कापा. पण माझ्या माणसाला खोटं ठरवू नका. यांनी सोडली म्हणजे सोडली. मी स्वतः सोडवली आहे, या हातांनी.”

सबनीसांनी चष्मा काढला. “बाई, बसा. तुम्हाला एक सांगायचंय—”

“थांबा डॉक्टर, मी सांगतो,” ज्ञानदेव घाईनं म्हणाला आणि त्यानं बायकोकडे पाहिलं. “इंदू, मी ओढत होतो. रोज. तुला चोरून.”