सातवी किल्ली

फळ्यावर सात कुलपं होती आणि सहा किल्ल्या. सातवी किल्ली लागलेली नव्हती, म्हणजे नियमाप्रमाणे तो अजून आतच होता.

यंत्राच्या दालनात शिरताना प्रत्येकानं आपली किल्ली काढून खिशात ठेवायची आणि बाहेर आल्यावर परत लावायची. सातही किल्ल्या फिरल्याशिवाय यंत्राला वीज मिळत नसे. दुसरी किल्ली करून ठेवायची नाही, हा नियम त्यानंच, म्हणजे यंत्र उभारणाऱ्या प्राध्यापकानं, केला होता. एकदा यंत्राची देखभाल करणारा मिस्त्री चुकून किल्ली घरी घेऊन गेला, तर प्राध्यापकानं त्याला आठवडाभर फैलावर घेतलं होतं. आणि दोन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली म्हणून प्राध्यापकालाच दालनातून थेट दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याची स्वतःचीच किल्ली शर्टाच्या खिशातून गेली.

शर्ट तेवढा घरी परत आला, तो नाही. मिस्त्रीनं प्राध्यापकाच्या बायकोला दोनदा फोन करून विचारलं, कपड्यांत कुठे आहे का. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. दोन्ही वेळा किल्ली तिच्या मुठीत होती.

सोमवारी दालन रिकामं करून दुसऱ्या विभागाला देणार, असं काल कळलं. आज बायको प्रयोगशाळेत आली.

"सापडली का वहिनी?" मिस्त्रीनं विचारलं.

"हरवली नव्हती," ती म्हणाली.

 प्राध्यापकाची विद्यार्थिनी पुढे आली. तिनं पडद्यावर दालनातली एक फळी दाखवली. फळीवर ओळीनं निऑनचे बारके दिवे होते, एकालाही तार नव्हती. मायक्रोवेव्ह लहरींची पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत, आली की ते आपोआप उजळतात, असं ती सांगू लागली. इलेक्ट्रॉनांचा पुंजका...

"माहीत आहे गं," बायको म्हणाली.

अकरा वर्षं जेवताना तेच ऐकलं होतं. सुटे इलेक्ट्रॉन म्हणजे ज्याचं त्याचं पुटपुटणं. घट्ट पुंजका केला की एकाच्या लहरीत दुसरा सापडतो, बघता बघता सगळे एका ठेक्यात येतात आणि अंगातलं बळ एका दमात देऊन टाकतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात. एवढ्याशासाठी अकरा वर्षं, असं ती चिडवायची. आमचं दूध उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तो म्हणायचा, एकदा पल्स येऊ दे, तुला दाखवायला नेतो.

मिस्त्रीनं किल्लीसाठी हात पुढे केला.

"मीच लावते."

किल्ली सातव्या कुलपात सहज गेली. तिचा हात मात्र तिथेच थांबला.

"ही फिरवली की तो बाहेर आला, असंच ना?"

"नियम तसाच आहे, वहिनी," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

बाकीचे चौघं सहकारी आपापल्या खुर्च्यांवर बसून होते. कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं किल्ली फिरवली.

लाल दिवा जाऊन हिरवा लागला. भोंगा वाजला. विद्यार्थिनीनं आकडे उलटे मोजले आणि बटण दाबलं. आवाज काहीच झाला नाही. पडद्यावर निऑनचे सगळे दिवे एकदम उजळले आणि विझले. नेमकी तेव्हाच बायको डोळे पुसत होती.

"आली," विद्यार्थिनी हळूच म्हणाली. दुसऱ्या पडद्यावर एकच रेघ उभी राहिली होती, सुईसारखी बारीक, खूप उंच. "काकू, तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली."

मग सगळे उठले. दिव्यांची फळी जवळून बघायची होती. सहा जणांनी आपापली किल्ली काढून खिशात टाकली आणि एकामागून एक दालनात गेले.

फळ्यावर एक किल्ली राहिली.