लेकीचा मजला

"बघा मंत्रिमहोदय, डोळे भरून बघा!" पांडेलिसने एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने आपल्या घराच्या गच्चीच्या कोपऱ्यातली गंजलेली सळई गदागदा हलवली. "घर पुरं झालंय म्हणता? मग ह्या सळया काय मी शोभेला लावल्यात?"

खाली चौकात, कॉफीच्या दुकानासमोर जमलेलं अख्खं गाव खो खो हसलं. गच्चीवर आलेल्या टीव्हीवाल्या पोरीने कॅमेरा सळयांवरून हौसेने फिरवला. मंत्री मात्र हसला नाही. तो थेट प्रक्षेपणासाठी अथेन्सच्या स्टुडिओत बसला होता, आणि दुकानातल्या टीव्हीचा आवाज मोठा केल्यामुळे त्याचं बोलणं गच्चीपर्यंत पोचत होतं.

दिवस पांडेलिसचा होता. सव्वीस वर्षं तो खासदार होता आणि त्यातली बहुतेक विरोधी बाकांवर गेली होती, पण असा मुद्दा कधी हाती लागला नव्हता. अपुऱ्या घराला घरपट्टी नाही, हा जुना कायदा. त्यामुळे गावातली सगळी घरं आनंदाने अपुरी होती आणि प्रत्येक गच्चीवर सळयांचं पीक उभं होतं. आता सरकार म्हणत होतं, दहा वर्षांत गच्चीवर काम झालं नसेल तर घर पुरं झालं असं धरणार. उद्या संसदेत मतदान होतं. सरकारमधलेच पाचसहा जण डळमळत होते, आणि ते आज टीव्हीसमोर बसलेत हे पांडेलिसला पक्कं ठाऊक होतं.

"सळया कधीपासून आहेत, खासदारसाहेब?"

"एकोणीस वर्षं! माझ्या लेकीचा मजला आहे हा. बाप मजला कधी चढवतो? जावई आला की! तुमच्या कायद्यात जावयाची सोय आहे का, बोला!"

चौकातून शिट्ट्या आल्या.

"एकोणीस वर्षांत एकही जावई आला नाही?"

आला होता. तीनदा आला होता. काँक्रीटचा मिक्सर चालवणारा सरांडोस, सोन्यासारखा मुलगा. पण त्याचा बाप निकिफोरोस म्हणजे सत्ताधारी पक्षाचा गावातला खांब. जन्मभर पांडेलिसच्या पोस्टरांवर स्वतःची पोस्टरं चिकटवत आलेला माणूस. त्याला व्याही कसं म्हणायचं? "आधी मजला होऊ दे, मग बघू," असं सांगून पांडेलिसने तिन्ही वेळा सरांडोसला वाटेला लावलं होतं, आणि एक वीट चढवली नव्हती. लेक झांबेटा तेहतिशीची झाली. गेला महिनाभर ती बापाशी बोलतही नव्हती.

पण कॅमेरा समोर होता आणि पांडेलिसच्या अंगात वारं शिरलं होतं.

"आत्ता जावई येऊ दे, आत्ता कॉलम भरतो!" तो गरजला. "अख्ख्या देशासमोर शब्द देतो!"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

मिक्सरची गाडी चौकात शिरली. नाकाडावर लाल फुलांचे गुच्छ बांधलेले, मागे टाकी गरागरा फिरतेय. स्टिअरिंगवर सरांडोस आणि शेजारी झांबेटा. मागच्या टेम्पोत सेंट्रिंगवाले फळ्यांवर बसून गात होते. त्यांच्या मधोमध, सुटाबुटात, बांधकामाच्या मुहूर्ताला कापायचा कोंबडा काखेत धरून निकिफोरोस बसला होता. त्याचं तोंड कोंबड्यापेक्षा केविलवाणं दिसत होतं.

"काका, जावई आलाय!" सरांडोस खालून ओरडला. "दीड तासात काँक्रीट आवळेल. काय ते लवकर सांगा!"

गाव हसून हसून खुर्च्यांवरून घसरलं. पांडेलिसने मागे पाहिलं. त्याची बायको स्तामाता मजला चढवताना रिवाजाप्रमाणे गवंड्यांना द्यायचे सात नवे शर्ट एकेका सळईला टांगत होती. शर्टांना कडक इस्त्री होती.

"तुला माहीत होतं?"

"अहो, सात मापांचे सात शर्ट काय झाडाला लागतात?"

पांडेलिस कॅमेऱ्याकडे बघायला लागला. नाही म्हणावं तर सळया नुसत्या घरपट्टी चुकवायला आहेत हे देश बघणार, आणि उद्याचं मतदान हातचं जाणार. हो म्हणावं तर दर ईस्टरला कोकराच्या मांडीसमोर निकिफोरोस बसणार. मग त्याला झांबेटा दिसली. गाडीच्या पायरीवर उभी राहून ती वर बघत हसत होती. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले ते त्याला आठवेना.

"भरा!" तो म्हणाला.

मग काय विचारता! चर्चची घंटा वाजली. खालून तांदूळ आणि साखरेत घोळलेले बदाम उडाले, त्यातले दोन कॅमेरावाल्या पोरीला लागले. सेंट्रिंगवाले फळ्या घेऊन वर धावले, मागोमाग झांबेटा, सरांडोस आणि कोंबड्यासकट निकिफोरोसही. दोन्ही व्याह्यांनी डोळे घट्ट मिटून एकमेकांच्या गालांचे मुके घेतले. पाइपातून काँक्रीट गच्चीवर चढायला लागलं.

"अभिनंदन, खासदारसाहेब." टीव्हीतला मंत्री आता पहिल्यांदाच हसला. "मजला झाला म्हणजे घर पुरं झालं. आता दोन्ही मजल्यांची घरपट्टी लावतो. गावातल्या बाकीच्यांनीही असेच मजले पुरे करावेत, म्हणजे आमचंही काम सोपं होईल."

चौकातली माणसं आपापल्या गच्चीवरच्या सळयांकडे बघायला लागली. पांडेलिसने माइक तोंडाशी नेला, खाली केला, पुन्हा वर नेला.

झांबेटाने त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"पुरं? कोण म्हणतं पुरं?" ती म्हणाली आणि कॉलमपाशी उभ्या नवऱ्या मुलाकडे वळली. "सरांडोस, वर मीटरभर सळया मोकळ्या सोड रे. आपल्याला मुलगी झाली तर?"