डोक्यातली हलगी

शेहेचाळीस साली इस्लामपूरच्या मैदानात आकाराम पैलवान पुन्हा डोक्यावर आपटला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हलगी वाजायची, आणि घरच्यांची नावंही तो विसरू लागला. तरी त्यानं सांगलीची कुस्ती धरली.

निघायच्या सकाळी त्याची बायको चंद्राबाई त्याच्या डोक्याला तेल चोळत होती.

"आवं, नगा जाऊ. डोस्क्यानं लय सोसलंय."

"हलगी बलावतीया गं," तो शांतपणे म्हणाला.

तिनं त्याच्या टाळूला कान लावला. आत खरंच हलगी वाजत होती. माणसं ओरडत होती. मग काहीतरी दाणकन आपटलं आणि सगळं मैदान गप्प झालं.

त्या शांततेत एक बाई रडू लागली. चंद्राबाईनं स्वतःचं तोंड गच्च दाबलं, तरी आतलं रडणं थांबेना. आवाज तिचाच होता.