लाल पिल्लू

“एवढ्याशा पाण्यात कोणते मासे एकत्र नांदतील, ते तूच निवडून दे,” रामहरी मास्तर म्हणाले आणि त्यांनी हातांनी माप दाखवलं. दीड वीत लांब, वीतभर उंच. काचेची ती पेटी त्यांनी मुंबईहून मागवली होती, सात वर्षांच्या लेकीसाठी.

रंभाबाई हिप्परग्याच्या तळ्यात काठाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. मास्तर टांग्यातून उतरतानाच तिनं त्यांना ओळखलं होतं. मास्तरांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसे? दोन वर्षांपूर्वी ती गिरणीच्या फाटकाशी तीन दिवस बसून होती. मास्तर रोज तिच्या अंगावरून आत जात होते, पण नजर एकदाही खाली आली नव्हती.

मास्तर गिरणीतल्या विणाई खात्याचे मुख्य होते आणि तिचा लेक कुंडलिक त्यांच्याच हाताखाली मागावर होता. पट्टा झिजलाय, तुटंल, असं तो आठवडाभर मास्तरांना सांगत होता. पट्टा तुटला, त्याचा फटका कुंडलिकाच्याच डोक्यात बसला आणि तो जागीच गेला. साठ माणसांनी ते पाहिलं. चौकशीत साठांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. प्रत्येकाच्या घरी चूल होती. पुढं एका कारकुनानं तिला मास्तरांनी लिहिलेला कागद वाचून दाखवला. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.’ शब्द तिला कळला नाही.

“म्हंजे चूक त्याचीच, मावशी,” कारकून म्हणाला होता.

रंभाबाईचा जन्म पाण्यात गेला होता. तसल्या पेटीत काय जगेल, हे तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. टिकलीएवढे चंदेरी मासे, फार तर चार. ते घोळक्यानं राहतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. मोठ्या तोंडाचा मात्र एकही नको. तिनं तसले चार धरून मडक्यात सोडले. मग थोडी पुढं गेली, पाणगवताखाली जाळी बुडवली आणि एक लालभडक पिल्लू उचललं. अर्ध्या बोटाएवढं, अंगावर सोनेरी रेघ.

“वा! हे फार देखणं आहे,” मास्तर म्हणाले. “बाकीच्यांत नांदेल ना?”

“नांदंल की,” रंभाबाई म्हणाली.

ते मरळीचं पिल्लू होतं. मरळ लहानपणीच तेवढी लाल असते. पुढं रंग उतरतो, तोंड वाढतं आणि पाण्यात जे हलेल ते ती गिळते. रंभाबाईनं हे पोटातच ठेवलं. त्या दिवशी घरी जाताना तिला फार दिवसांनी भूक लागली.

दोन महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला. मासे संपले, दुसरे घेऊन ये. तिला बघायचंच होतं. ती मडकं घेऊन निघाली.

पेटी ओसरीवर होती. आत एकच मासा उरला होता, काळपट, टीचभर लांब. पेटीशी मास्तरांची लेक वच्छी उभी होती. तिच्या तळव्यांवर छडीचे वळ होते. काही जुने, एक आजचा.

“एकेक करत चारही गेले,” मास्तर म्हणाले. “ही झाकण उघडं टाकते आणि मांजर डल्ला मारतं. चार वेळा मार खाल्ला, पण कबूल होत नाही. सगळा हिचा निष्काळजीपणा.”

“मी झाकण लावते,” वच्छी म्हणाली. आवाज इतका बारीक, की ती ते पेटीलाच सांगतेय असं वाटावं. “रोज लावते.”

तो शब्द रंभाबाईनं ओळखला. कुंडलिकाला तो शब्द मास्तरांनी चिकटवला होता. या पोरीला तो तिनं स्वतः चिकटवला होता.

ती गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. नवे मासे सोडायचे आणि चालू लागायचं.

तिनं मडकं खाली ठेवलं आणि पोरीपुढं उकिडवी बसली.

“पोरी, मांजर न्हाय, आन् तू बी न्हाय. ही मरळ हाय. हिनंच खाल्लं समदं. खाणार, ते मला ठावं हुतं. ठावं असून दिली म्या.”

“का?” वच्छीनं विचारलं.

“माझा ल्योक तुझ्या नानांच्या हाताखाली मेला. पट्टा तुटंल म्हून सांगत हुता. ह्येनी ऐकलं न्हाय, आन् वर चूक त्याचीच म्हून लिवलं. राग ह्येंच्यावर हुता. मार तुला बसला.”

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. मग त्यांची नजर समोर गेली. रस्त्यावर गिरणीतली दोन माणसं थबकून ऐकत होती.

“वच्छे, आत हो,” मास्तर मोठ्यानं म्हणाले. “बाई दारू पिऊन आलीय. तोंडाला येईल ते बरळतेय.”

रस्त्यावरची माणसं खाली बघू लागली. दोघांनाही रंभाबाई ओळखत होती. तिनं मडकं उचललं. साऱ्या गावात आता हेच सांगितलं जाणार, हे तिला कळलं होतं.

वच्छी जागची हलली नाही.

“नाना, मी जवळ होते. त्यांच्या तोंडाला वास नाही,” ती म्हणाली, आणि कुणी न सांगताच तिनं छडीसाठी हात पुढे केला.