स्क्रूंवरचा गोंद

थळच्या आवडाबाईंनी मुलाचा जुना लॅपटॉप माझ्या दुकानात आणला. त्यांचा हा ऋत्विक मासेमारीला गेला, तो परतलाच नव्हता. लॅपटॉप फार रखडत होता, आतून घरघरतही होता, म्हणून हार्ड डिस्क काढून मी एसएसडी बसवली. खाऱ्या हवेनं गंजू नयेत म्हणून नेहमीसारखा सगळ्या स्क्रूंवर झटपट वाळणारा गोंद टाकला.

“मावशी, ह्या नव्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही. आता आवाज येणार नाही.”

तेवढ्यात आतून टकटक झाली. मी बॅटरी काढली, तरी सुरूच. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन.

आवडाबाई उठल्या. “असाच दार वाजवायचा माझा पोर. आत हाय तो. उघड रे, लवकर उघड!”

मी स्क्रूड्रायव्हर लावला. गोंद पक्का वाळला होता. एकही स्क्रू हलेना.

आतून आता दोनच ठोके आले.

मग एक.