खारट

आईने स्टुलावर चढून मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, खाली उतरली आणि मगच साखरेच्या डब्याला हात लावला. आज चूक परवडणार नव्हती. फोनवर तिनेच मुलांना ठणकावलं होतं, "सुट्टीला सगळे या. माझ्या हातचा ॲपल पाय खा आणि मग सांगा, माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही. बिघडला तर म्हणाल त्या वृद्धाश्रमात जाईन. जमला तर मला या घरातून कुणी हलवायचं नाही." मुलगा लगेच कबूल झाला. मुलगी तर त्याच्याही आधी.

सफरचंदाच्या फोडींवर साखर पडली, दालचिनी पडली. एक फोड तिने तोंडात टाकून पाहिली. कसलं काय! मागच्या तापापासून जिभेला चव नव्हती की नाकाला वास नव्हता. सगळं कापूस चघळल्यासारखं. हे तिने एकट्या मुलीला सांगितलं होतं. पोटातलं लेकीला नाही सांगायचं तर कुणाला?

मग भिस्त हातांवर. मैद्यात थंड लोणी चोळलं, पारी लाटली, टिनमध्ये बसवली, फोडी भरल्या, वर दुसरी पारी घालून कडा चिमटीने दुमडत नेल्या. नंतर ओव्हनच्या काचेतून ती शाळकरी पोरीसारखी वाकून वाकून बघत राहिली.

"अरे वा! काय रंग आलाय!" टेबलाशी बसलेला जावई म्हणाला. खाण्याचं समोर आलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. मुलीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. वरून खुसखुशीत, आत फोडी मऊसूत, गोडी अगदी बेताची. खरं सांगायचं तर इतका छान पाय आईलाही आजवर जमला नव्हता.

"दादा," मुलगी म्हणाली. नुसतं एवढंच.

त्याने डोळे उघडले. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि ते थांबायला तयार नव्हतं. येताना गाडीतच सगळं ठरलं होतं. त्याने घास गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हे खारट झालंय गं."

"खारट?"

"साखरेऐवजी मीठ घातलंस की काय!" मुलीने घास रुमालात काढला. "घशाखाली उतरत नाही."

"भलतंच काय! मिठाची बरणी मी मुद्दाम वर ठेवली. स्टुलावर चढले होते."

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. चांगली उंच होती ती, तिला स्टूल लागत नव्हतं. बाहेर आली ती बरणी हातात घेऊनच.

"ओट्यावर होती, आई. साखरेच्या डब्याशेजारी."

आईने बरणीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. "चढले होते गं मी," ती पुटपुटली. "चढले होते ना?"

"ते काल-परवा असेल. आज चढलीस, हे नक्की आठवतंय तुला?"

असं कुणी विचारलं की आठवणारंही आठवेनासं होतं. आईने एक तुकडा तोंडात घालून बराच वेळ घोळवला. कापूस. तिने एकदा आशेने मुलीकडे पाहिलं. माझ्या जिभेचं तुला ठाऊक आहे, तू तरी खरं सांग. मुलीने तिचा हात प्रेमाने हातात घेतला. केसाने गळा कापावा तर असा.

"तिथे चोवीस तास माणसं असतात गं आई. बागसुद्धा आहे."

"बरं," आई म्हणाली. शब्द दिला होता तिने. "कधी निघायचं?"

"रविवारी," मुलगा म्हणाला. जरा जास्तच पटकन.

तेवढ्यात प्लेटवर चमचा खरवडल्याचा आवाज आला. जावयाची प्लेट चाटूनपुसून लख्ख झाली होती आणि त्याचा हात दुसऱ्या तुकड्याकडे निघाला होता.

"अहो!" मुलगी ओरडली.

हात तिथेच थांबला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आईसुद्धा. आता आली का पंचाईत! पण गडी वस्ताद होता.

"खारट तर आहेच, आई," तो म्हणाला. "पण तुमच्या हातचं आहे. टाकवत नाही हो."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बघा रे, बघा!" ती मुलांना म्हणाली. "पोटच्या पोरांना घास उतरेना आणि हे परक्या घरचे, माझं मन राखायला मीठ गिळतायत." तिने सगळ्यात मोठा तुकडा कापून त्याच्या प्लेटमध्ये वाढला. मुलगा आपल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत बसला. आता त्याला हात लावायची सोय राहिली नव्हती.

जावई खात होता तोवर आई शेजारी उभी होती. शेवटचा घास संपताच तिने पाण्याचा ग्लास भरून त्याच्या हाताशी सरकवला.

"घ्या, पाणी प्या वर. एवढं मीठ बाधेल तुम्हाला."

जावयाने ग्लास गटागटा रिकामा केला, ओठ पुसले आणि खुर्चीत ऐसपैस मागे टेकला.

"हां," तो म्हणाला, "आता बरं वाटलं, आई."