चिंचोक्यांचा डाव

"वाढवलं," नाथाजी म्हणाले आणि मूठभर चिंचोके पुढं सरकवले.

दुपार कलली होती. कुंडलच्या त्या घरात पंखा झोपेत असल्यासारखा फिरत होता. खिडकीबाहेर उसाचे तुरे उन्हात डुलत होते. मधे फौजेतली काळी पेटी, तिच्यावर चादर, चादरीवर पत्ते. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. शेजारचे तात्याबा भिंतीला टेकून पेंगत होते. नाथाजींनीच त्यांना साक्षीला बोलावलं होतं.

पैज साधी होती. संयोगिता जिंकली तर आप्पांनी तिच्याकडं माधवनगरला कायमचं राहायला यायचं. आप्पा जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आई गेल्यापासून म्हातारा एकटा. चक्कर येऊन अंगणात पडला, तरी हेका सुटेना. "लेकीच्या घरात बापानं पानीबी पिऊ न्हाई. गाव काय म्हनंल?" हेच पालुपद. तिकडं फोन वाजला की संयोगिताच्या काळजात धस्स व्हायचं.

"शेळी दिसंना, आप्पा?" तिनं पत्ते उचलत विचारलं.

"साळूबाईला दिली. चारा कोन बघतंय."

"आणि आईचा फोटो?" भिंतीवर नुसता पांढुरका चौकोन होता.

"काचंला तडा गेलाय. दुरुस्तीला टाकलाय. खेळ तू."

पोकर ते फौजेत शिकले आणि लेकीला लहानपणीच शिकवला. आधी दोन पत्ते हातात, मग पाच मधे उघडायचे. "हातात जोडी आली की मधल्या पत्त्यांची वाट बघायची न्हाई," ते सांगायचे. "समोरच्यानं वाढवलं की त्यावर आपुन वाढवायचं, दनकून. जोडीवाला मागं सरत न्हाई." आज दुपारभर ते तसंच खेळत होते आणि तिच्या पुढचे चिंचोके संपत आले होते. हा शेवटचा डाव ठरला होता; जो जिंकेल त्याची पैज.

तिनं हातात बघितलं. सत्ती आणि दुर्री. कसली जोडी अन् कसलं काय.

तिनं उरलेले सगळे चिंचोके पुढं लोटले. "त्यावर एवढे."

नाथाजींनी मान वर केली. "जोडी हाय?"

"तुम्हीच शिकवलंय, आप्पा."

त्यांनी आपले दोन पत्ते पुन्हा एकदा उचलून बघितले. तात्याबा जागे झाले. मग नाथाजींनी आपले पत्ते पालथे घातले आणि चादरीच्या घडीत सारले.

"सोडला डाव. तात्याबा, गावाला तूच सांग. नाथाजी आपल्या पायानं लेकीकडं ग्येला न्हाई, पैज हरला म्हनून ग्येला. फौजी मानूस शब्द फिरवत न्हाई."

"सांगतो की रं गड्या," म्हणत तात्याबा चपला शोधायला लागले. नाथाजी तोंड धुवायला परसात गेले.

संयोगिता तिथंच बसून राहिली. जिंकूनही तिला रडू येत होतं. खोटं बोलून आपण बापाला त्याच्या घरातून उठवलं, हे तिला सहन होईना. शेवटी त्यांचे कपडे भरायला म्हणून तिनं पेटीवरची चादर ओढली. घडीतले दोन पत्ते खाली पडले. दोन्ही एक्के होते.

तिनं पेटीची कडी काढली.

पेटी आधीच भरलेली होती. इस्त्रीचे सदरे, औषधांची पिशवी, दाढीचं सामान. सगळ्यात वर, आईच्या लुगड्यात गुंडाळलेला फोटो. काच शाबूत होती.